डोंगरातल्या थंड घराच्या खिडक्यांना नवीन काच: डबल, ट्रिपल, लो-ई, नक्की काय घ्यावं?

पायवाट:

मंडळी, सल्ला हवाय. घर डोंगरात आहे, उंची साधारण २४०० मीटर, हिवाळ्यात रात्री पारा उणे १५ पर्यंत उतरतो आणि बर्फ तर असतोच. घर जुनं आहे, छताचं आणि भिंतींचं इन्सुलेशन करून झालं, आता खिडक्या राहिल्यात. पुढच्या बाजूला जुनं डबल ग्लेझिंग (दोन काचा, मधे बंद पोकळी) आहे, त्यातल्या काही तावदानांत मधल्या पोकळीतच धुकं धरलंय, आतून पुसा बाहेरून पुसा काही फरक पडत नाही. मागच्या बाजूला अजून साधी एकेरी काच. फ्रेमा लाकडी आहेत आणि चांगल्या ठणठणीत आहेत म्हणून त्या ठेवून फक्त काच बदलायची असं ठरवलंय.

आता गोंधळ असा की जितक्यांना विचारलं तितकी उत्तरं. एक म्हणतो थंडी आहे ना मग ट्रिपलशिवाय पर्याय नाही. दुसरा म्हणतो लो-ई डबल (म्हणजे काचेवर उष्णता अडवणारा अगदी पातळ थर) आणि मधल्या पोकळीत आर्गॉन वायू, बास झालं. पण याच दुसऱ्याला घराची उंची सांगितल्यावर तो म्हणाला की मग आर्गॉन मिळणार नाही, नळीवाली काच घ्यावी लागेल. कसली नळी? एका कोटेशनवर यू-व्हॅल्यू १.१ लिहिलीय, दुसऱ्यावर १.६, आणि एसएचजीसी फक्त एकावर आहे, ०.३९, ते चांगलं की वाईट तेही कळेना.

दक्षिणेला मोठ्या खिडक्या आहेत, हिवाळ्यात दिवसभर ऊन आत येतं आणि ते मला अजिबात गमवायचं नाहीये. उत्तरेला झोपायच्या खोल्या, तिथे लहान उभट खिडक्या. सकाळी सगळ्याच काचांवरून पाणी ओघळतं आणि खालच्या लाकडावर साचतं, तेही थांबायला हवं. कुणी अशा हवेत काचा बदलल्यात का?

गणिती:

आधी आकडे बघू, मग मतं. यू-व्हॅल्यू म्हणजे आतबाहेर १ अंशाचा फरक असताना १ चौरस मीटर काचेतून किती वॅट उष्णता निसटते ते, त्यामुळे जितकी कमी तितकी चांगली. साध्या एकेरी काचेची ५.८ च्या आसपास, साध्या डबलची २.८, लो-ई कोटिंग आणि आर्गॉनवाल्या चांगल्या डबलची १.१, आणि दोन कोटिंगवाल्या ट्रिपलची ०.७ च्या आसपास.

तुमच्याकडे आत २० आणि बाहेर उणे १५ धरा, फरक ३५. दोन चौरस मीटरची खिडकी घेतली तर एकेरी काचेतून ४०६ वॅट जातात, साध्या डबलमधून १९६, लो-ई डबलमधून ७७, ट्रिपलमधून ४९. म्हणजे एकेरीवरून डबलवर आलात की २१० वॅट वाचले, त्यात लो-ई आणि आर्गॉन आलं की आणखी ११९, आणि तिथून ट्रिपलला गेलात की फक्त २८. ट्रिपल वाईट आहे असं म्हणत नाहीये पण मोठी उडी कुठे आहे ते दिसतंय ना.

आणि ओघळणाऱ्या पाण्याचं उत्तरही यातच आहे. त्याच थंडीत काचेचा आतला पृष्ठभाग एकेरीत उणे ६ च्या आसपास असतो, साध्या डबलमध्ये अधिक ७, लो-ई डबलमध्ये १५, ट्रिपलमध्ये जवळपास १७. खोलीत २० अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू येतो ९.३ अंशांवर. म्हणजे ७ अंशांच्या काचेवर पाणी धरणारच, १५ वाल्यावर मधल्या भागात धरणार नाही.

थंडोबा:

गणिती, हिशोब बरोबर आहे पण तो एका खिडकीचा आहे. घरातल्या सगळ्या खिडक्या, हिवाळ्याच्या सगळ्या रात्री असं धरा की, मग ते २८ वॅट एवढे केविलवाणे नाही वाटणार. शिवाय मोठ्या खिडकीजवळ बसलं की गार हवा काचेवरून खाली घसरून पायाशी येते, तो त्रास ट्रिपलने खूपच कमी होतो. एकदाच करायचं काम आहे तर हात आखडता का घ्यायचा? माझं मत ट्रिपल आणि डोळे झाकून ट्रिपल.

काचकाम:

मी याच धंद्यात आहे, काचेचे सीलबंद युनिट (मधे पोकळी ठेवून कडेने बंद केलेल्या काचा) बसवतो, त्यामुळे जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

पहिलं, तुमच्याकडची ती दोन कोटेशन्स एकमेकांशी ताडून बघताच येणार नाहीत कदाचित. १.१ हा आकडा बहुतेक नुसत्या काचेचा आहे, म्हणजे काचेच्या मध्यभागी मोजलेला, आणि १.६ हा फ्रेम आणि कडा धरून अख्ख्या खिडकीचा असू शकतो. दोन्हीत काच एकच असायची! दोघांनाही सांगा की नुसत्या काचेची यू लिहून द्या, सोबत एसएचजीसी द्या, कोटिंग कितव्या पृष्ठभागावर आहे ते द्या आणि स्पेसर (दोन काचांच्या मधली कडेची पट्टी) कशाचा आहे ते द्या. जो हे चार लिहून देत नाही त्याच्याकडून मी तरी काच घेणार नाही.

दुसरं, उंची, आणि तुमच्या केसमध्ये हाच सगळ्यात मोठा मुद्दा आहे जो इथे अजून कुणी काढलाच नाही. सीलबंद युनिटमध्ये कारखान्याच्या ठिकाणची हवा किंवा गॅस त्या दाबाने बंद होतो. कारखाना समुद्रसपाटीजवळ असेल आणि तुम्ही २४०० मीटरवर, तर तुमच्याकडे बाहेरचा दाब खालच्या दाबाच्या जेमतेम पाऊण असतो. आतला गॅस फुगू बघतो, दोन्ही काचा बाहेरच्या बाजूला फुगतात. काच जरासुद्धा वाकली नसती तर चौरस मीटरला अडीच टनांच्या आसपास जोर पडला असता. मोठी काच वाकून तो दाब बराचसा सोडते, प्रतिबिंब वेडंवाकडं दिसतं पण ती टिकते. लहान आणि त्यातही उभट अरुंद काच कडक असते, ती वाकत नाही, मग दाब तसाच राहतो आणि एकतर काच तडकते नाहीतर कडेचं सील सुटतं. म्हणजे तुमच्या उत्तरेकडच्या त्या लहान खिडक्याच जास्त धोक्यात. लोकांना उलट वाटतं.

नळी यासाठीच. स्पेसरमधून एक अगदी बारीक धातूची नळी बाहेर काढलेली असते, तिच्यातून आतला दाब बाहेरच्या इतका होतो. काही नळ्या जागेवर पोचल्यावर दाबून सील करायच्या असतात, काही अतिबारीक असतात त्या कायम उघड्याच ठेवायच्या. नळी आली की आर्गॉन हळूहळू निघून जातो आणि हवा येते, म्हणून तो माणूस म्हणाला आर्गॉन मिळणार नाही. तो खरं बोलत होता.

पायवाट:

बाप रे, हे कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे आर्गॉन नाही तर मग लो-ईचा फायदा पण गेला का? आणि आमच्याकडे यायच्या रस्त्यात एक खिंड लागते ती घरापेक्षा बरीच उंच आहे, ३००० च्या वर, त्याने फरक पडतो?

काचकाम:

खिंडीने फरक पडतो, चांगलाच पडतो. काच वाटेत सगळ्यात उंच जिथे जाते ती उंची कारखान्याला सांगायची, घराची नाही फक्त. ३००० मीटरवर दाब समुद्रसपाटीच्या ७० टक्क्यांपर्यंत येतो. ऑर्डर देतानाच लिहून द्या.

पर्याय तसे आहेत. तुमच्याच उंचीच्या आसपास युनिट बनवणारं कुणी असेल तर प्रश्नच मिटला, आर्गॉन भरा आणि सील करा, मात्र मग तेही खिंड ओलांडून येणार का ते बघा. काही कारखाने उंची सांगितली तर आतला दाब त्या हिशोबाने आधीच कमी ठेवून सील करतात, ते विचारा. ते नसेल तर नळी.

गणिती:

आर्गॉन गेला म्हणून लो-ई वाया जात नाही, काळजी करू नका. १६ मिमी पोकळीत चांगलं सॉफ्ट कोट (चांदीचा नाजूक थर असलेलं लो-ई) आणि आर्गॉन असेल तर १.१, तेच हवा असेल तर १.४. त्याच दोन चौरस मीटरच्या खिडकीतून ७७ ऐवजी ९८ वॅट, एवढाच फरक. साध्या डबलच्या १९६ शी तुलना करा, निम्मं काम नुसतं कोटिंग करतंय.

कारण असं की साध्या डबल काचेत पोकळीतून जी उष्णता जाते तिच्यातली निम्म्याहून जास्त प्रारणाने जाते, म्हणजे गरम काच गार काचेकडे उष्णता अक्षरशः फेकते. साध्या काचेची एमिसिव्हिटी (उष्णता अशी फेकण्याची क्षमता) ०.८४, चांगल्या सॉफ्ट कोटची ०.०३ च्या आसपास. ते फेकणंच जवळजवळ बंद होतं. आर्गॉन फक्त उरलेल्या भागावर काम करतो, तो हवेपेक्षा उष्णता साधारण एक तृतीयांश कमी वाहतो.

म्हणून कुणी "आर्गॉन भरलेली" एवढंच सांगून साधी काच गळ्यात मारत असेल तर सावध. कोटिंगशिवाय आर्गॉनला फारसा अर्थ नाही.

रानजाई:

पायवाट, तुमच्या त्या ०.३९ बद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितेय. एसएचजीसी म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हातली किती उष्णता आत येते ते, ०.३९ म्हणजे ३९ टक्के. हा आकडा गरम प्रदेशात हवा असतो, ऊन बाहेर ठेवायला. तुम्हाला दक्षिणेकडून ऊन आत हवंय तर तिथे ०.३९ घेणं म्हणजे बर्फात उभं राहून सावली शोधण्यासारखं आहे.

लो-ई सगळ्या एकसारख्या नसतात हे लोकांना माहीतच नसतं, "लो-ई आहे ना" म्हटलं की झालं. हार्ड कोटमध्ये (उघड्या हवेतही टिकणारा टणक थर) एसएचजीसी ०.७ पर्यंत मिळतो पण यू तेवढी खाली जात नाही. एका चांदीच्या थराचं सॉफ्ट कोट घेतलं तर ०.६ च्या आसपास आणि यू पण मस्त. दोन-तीन चांदीचे थर असलेल्या ज्या काचा असतात त्या ०.४ आणि त्याच्याही खाली जातात, त्या उन्हापासून वाचायला बनवलेल्या. यू जवळजवळ सारखीच असते हं या सगळ्या सॉफ्ट कोटवाल्यांची, त्यामुळे नुसती यू बघून घेतली तर फसायला होतं.

एक साधा हिशोब, भर दुपारी दक्षिणेच्या काचेवर चौरस मीटरला ६०० वॅट ऊन पडतंय समजा, दोन चौरस मीटरची खिडकी. ०.६ वाली ७२० वॅट आत घेईल, ०.३९ वाली ४६८. अडीचशे वॅटचा फुकटचा हीटर तुम्ही बंद केलात! आणि समोर बर्फ असेल तर त्याच्यावरून परावर्तन होऊन आणखी येतं. थंडोबांच्या ट्रिपलने वाचणारे २८ वॅट यापुढे काय सांगू.

थंडोबा:

रानजाई ताई, टोला मिळाला 🙂 पण ते ऊन असतं तेव्हा. रात्र मोठी असते हिवाळ्यात. आणि उत्तरेला ऊन येतच नाही, तिथे एसएचजीसी कितीही असला तरी काय फरक पडतो, तिथे तरी यू सगळ्यात कमी हवी म्हणजे ट्रिपल. हे तरी मान्य करा.

रानजाई:

उत्तरेचं मान्य, तिथे ऊन विसरा आणि यू बघा. (उत्तर गोलार्ध धरून बोलतोय आपण सगळे, दक्षिण गोलार्धात हे सगळं उलटं.)

काचकाम:

उत्तरेला ट्रिपल तत्त्वतः बरोबर, पण पायवाटांना फ्रेम ठेवायचीय, तिथे घोडं अडतं. ४-१२-४ (काच-पोकळी-काच, मिमीमध्ये) च्या जुन्या डबल युनिटची जाडी २० मिमी, ४-१६-४ ची २४, आणि ४-१२-४-१२-४ ट्रिपलची ३६. एकेरी काचेसाठी केलेल्या लाकडी खाचेत ३६ सोडा, २० पण बसणार नाही. खाच खोल करायला गेलात तर फ्रेमचं लाकूडच उरत नाही. वजन पण बघा, काच दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो, म्हणजे ट्रिपल ३० किलो आणि डबल २०. उघडणाऱ्या झडपांच्या जुन्या बिजागऱ्या लोंबकळायला लागतात.

आणि परत उंची. ट्रिपलमध्ये दोन पोकळ्या, म्हणजे आत कोंडलेला गॅस जास्त, म्हणजे फुगण्याचा जोर बाहेरच्या दोन काचांवर जास्त. लहान उभट खिडकीत हे कॉम्बिनेशन मला नको वाटतं. घ्यायचंच तर दोन्ही पोकळ्यांना नळी हवी.

मागच्या एकेरी काचांना मी दोन गोष्टी सुचवेन. एक म्हणजे आहे ती काच ठेवून आतून दुसरी चौकट लावायची, त्यात हार्ड कोट लो-ई काच, कोटिंग दोन काचांच्या मधल्या पोकळीकडे. सॉफ्ट कोट इथे चालत नाही, त्यातली चांदी उघड्या हवेत काळी पडते, ते सीलबंद युनिटमध्येच टिकतं. आतल्या चौकटीचं गॅस्केट (कडेची रबरी पट्टी) मात्र घट्ट हवं, नाहीतर खोलीतली दमट हवा मधे शिरते आणि बाहेरच्या काचेवर गोठते. दुसरं, व्हॅक्यूम काच. दोन काचांमधे मिलिमीटरपेक्षा कमी फट आणि आत निर्वात, एकूण जाडी ८ मिमीच्या आसपास आणि यू चांगल्या ट्रिपलच्या तोडीची. आत फुगायला गॅसच नाही, त्यामुळे उंचीची भानगड पण नाही. बारीक ठिपके दिसतात, ते आधाराचे खांब असतात. महाग असते आणि सगळीकडे मिळत नाही, पण तुमच्या उत्तरेच्या लहान खिडक्यांना फिट बसेल.

पायवाट:

हे भारीच. म्हणजे पुढे लो-ई डबल जास्त एसएचजीसीवाली आणि मागे व्हॅक्यूम मिळाली तर ती, नाहीतर आतून दुसरी चौकट. पुढच्या जुन्या फ्रेमची खाच मोजली, २४ आरामात बसतंय. कोटिंग कितव्या पृष्ठभागावर ते तुम्ही म्हणालात, त्याने काय होतं? आणि पाणी मुख्यतः खालच्या कडेला साचतं, मधे काच त्या मानाने कोरडी असते, ते का?

गणिती:

पृष्ठभाग बाहेरून आत मोजतात, डबलमध्ये बाहेरचा १, मग २ आणि ३ पोकळीतले, ४ खोलीकडचा. कोटिंग २ वर ठेवा की ३ वर, यू तीच राहते. पण ३ वर असेल तर उन्हाने तापणारी काच आतली असते आणि ती उष्णता खोलीत येते, २ वर असेल तर बाहेरची तापते आणि उष्णता बाहेर जाते. तुमच्या दक्षिणेला ३.

हल्ली काही जण ४ वर पण जादा हार्ड कोट देतात, यू आणखी उतरते म्हणून. पण खोलीची उष्णता काचेला कमी मिळते, म्हणून काचेचा आतला पृष्ठभाग उलट जास्त गार पडतो आणि पाणी वाढतं. ओघळणारं पाणी हा तुमचा मुख्य त्रास आहे तर ते टाळाच.

रानजाई:

कडेचं पाणी स्पेसरमुळे. जुन्या युनिटमध्ये दोन काचांच्या मधे कडेने अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असते आणि ती बाहेरची थंडी सरळ आत आणते, त्यात गार हवा काचेवरून खाली उतरते म्हणून खालची कड सगळ्यात गार. नवीन घेताना वॉर्म एज स्पेसर मागा, प्लास्टिक कंपोझिट किंवा फोमचा किंवा निदान स्टेनलेसचा. काचकाम म्हणाले त्या चार प्रश्नांत तो आहेच.

आणि काच कितीही भारी घेतली तरी घरातला दमटपणा कमी करायलाच हवा, स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅन लावा, कपडे खोलीत वाळत घालू नका. २० अंशांना आर्द्रता ४० टक्के ठेवली तर दवबिंदू ६ वर येतो, ५० ला तो ९.३ होता. जाड पडदे रात्री काचेला चिकटून लावले तर आतली काच आणखी गार पडते आणि सकाळी पडद्यामागे तळं, तेव्हा खाली-वर थोडी फट राहू द्या.

नवीन काच बसवल्यावर निरभ्र रात्रीनंतर पहाटे बाहेरच्या बाजूला दव किंवा हिम दिसलं तर घाबरून फोन करू नका कुणाला. घरातली उष्णता बाहेरच्या काचेपर्यंत पोचत नाहीये, ती आकाशाकडे उष्णता सोडून गार पडते, म्हणून तसं होतं. ऊन आलं की जातं.

थंडोबा:

एक शंका, जुन्या काचेलाच लो-ई फिल्म चिकटवली तर? कमी खर्चात होईल. जाहिराती तर बऱ्याच दिसतात.

काचकाम:

एकेरी काचेला चालू शकते, पण डबलच्या आतल्या काचेला उन्हाच्या बाजूला फिल्म लावली की ती काच जास्त तापते, कड फ्रेममध्ये गार राहते आणि त्या फरकाने काच तडकते. डोंगरात ऊन कडक आणि फ्रेम गोठलेली, म्हणजे सगळ्यात वाईट जोडी. आणि पायवाटांच्या युनिटमध्ये धुकं धरलंय म्हणजे सील आधीच गेलंय, स्पेसरमधलं ओलावा शोषणारं द्रव्य भरून गेलंय. त्यावर फिल्म लावून उपयोग नाही, युनिटच बदलायचं.

पायवाट:

ठरलं मग, युनिट बदलायचं. सुतार आमचा ओळखीचा आहे, हात चांगला आहे पण सीलबंद काच त्याने फारशी बसवलेली नाही. त्याला काय सांगू? आणि माल आल्यावर लो-ई खरंच आहे हे डोळ्यांनी कसं ओळखायचं, दिसायला तर सगळ्या काचा सारख्याच.

काचकाम:

ओळखायला लायटर पुरे. संध्याकाळी ज्योत काचेसमोर धरून तिरकं बघा, डबलमध्ये चार प्रतिबिंबं दिसतील, प्रत्येक पृष्ठभागाचं एक. कोटिंग असलेल्या पृष्ठभागाचं प्रतिबिंब वेगळ्या रंगाचं असतं, जांभळट किंवा लालसर. बाहेरच्या बाजूने बघत असाल तर तिसरं वेगळं दिसायला हवं. दुसरं दिसलं तर काच उलटी धरलीय, फिरवा. चारही एकाच रंगाची असतील तर माल परत करा. हे बसवायच्या आधी करायचं, आणि बाहेरची बाजू कोणती त्याचं स्टिकर काढू नका.

सुताराला सांगा की जुन्या सवयीने जवसाच्या तेलाची पुट्टी लावायची नाही, ते तेल युनिटच्या कडेचं सील खातं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पण नको, न्यूट्रल क्युअर लिहिलेलंच. काच थेट लाकडावर टेकवायची नाही, खाली दोन आधाराचे ठोकळे, दोन्ही कोपऱ्यांपासून रुंदीच्या पाव अंतरावर, आणि ठोकळे दोन्ही काचांना आधार देतील एवढे रुंद. चारी बाजूंनी ५ मिमी मोकळं. खाचेच्या तळाला पाणी बाहेर जायला भोकं ठेवायची, काचेची कड पाण्यात उभी राहिली तर कुठलंच सील फार वर्षं टिकत नाही. टफन्ड (तापवून मजबूत केलेली) काच घेतली असेल तर मापं तीनदा घ्या, ती नंतर कापता येत नाही. जमिनीलगतच्या खिडक्यांना आणि दारांना टफन्ड किंवा लॅमिनेटेडच (मधे प्लास्टिकचा थर असलेली) हवी. लॅमिनेटेड असेल तर अतिनील किरणं पण जवळपास सगळी अडतात, उंचावर ती जास्त असतात, पडदे आणि फर्निचर कमी विटतं.

आणि नळी. कायम उघडी ठेवायची आहे की सील करायची आहे हे कारखान्याकडून लेखी घ्या. उघडी ठेवायची असेल तर ती खाचेत वाकवून ठेवताना दुमडायची नाही, तोंडावर सिलिकॉन जाऊ द्यायचं नाही, आणि पाणी साचेल अशा जागी तोंड यायला नको. सील करायची असेल तर काच एक-दोन दिवस घरी तशीच उभी ठेवून दाब सारखा होऊ द्या, मग टोक दाबून बंद करा आणि त्यावर सीलंट. काच धरून ठेवणाऱ्या लाकडी पट्ट्या ठोकायच्या आधी प्रत्येक नळीचा फोटो काढायला सांगा सुताराला, एकदा पट्टी बसली की आतलं काही दिसत नाही.